डॅमसनची डावी बाजू

हेस्बा डॉकरेने ओला स्पंज डाव्या गालाला लावला मात्र, आणि घोडी अशी दचकली की पायाशी ठेवलेली साबणाच्या पाण्याची बादली थेट भिंतीवर जाऊन आदळली.

"अगं, मीच आहे," हेस्बा म्हणाली. हात पुसायचं निमित्त करून ती दोन पावलं मागे सरली. पंधरा दिवसांत ही चौथी वेळ होती. ती मोजत नव्हती, पण आकडा तिला ठाऊक होता.

ऑगस्टचा महिना, आभाळ भरून आलेलं, वारा पडलेला. डोंगरामागे तीन दिवस नुसता गडगडाट चालला होता. पाऊस काही दरीत उतरत नव्हता. थॉर्नगिलचा शेतकी मेळावा उद्यावर आला होता आणि वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी हेस्बा पहिल्यांदा स्वतः घोड्यावर बसून रिंगणात जाणार होती.

चौदाव्या वर्षी ती कर्नल लॅम्प्लू यांच्या पागेत कामाला लागली. मोतद्दाराचं काम. खरारा करायचा, शेण काढायचं, आयाळीच्या वेण्या घालायच्या, खोगिराचं कातडं तोंड दिसेल इतकं चमकवायचं. असे घोडे तिने त्रेचाळीस वर्षं नटवले. रिंगणाच्या दोरापर्यंत ते न्यायचे, लगाम दुसऱ्याच्या हातात द्यायचा आणि हातात फडकं घेऊन उभं राहायचं. बक्षिसाची रिबन घोड्याला लागे, टाळ्या स्वाराला मिळत. तिला त्याचं वाईट वाटत नसे. निदान ती तसं सांगे. गेल्या वर्षी कर्नल वारले, पागा मोडली, आणि त्यांच्या विधवा बाईसाहेबांनी तिला बोलावून सांगितलं, "हेस्बा, ती कुमैत घोडी तू ने. विकायला मन होत नाही." तीच ही डॅमसन, त्या खोऱ्यात पिकणाऱ्या काळ्या आंबट फळाचं नाव लावलेली, सात वर्षांची, अंग तांबूस, आयाळ काळी, मागच्या एका पायात पांढरा मोजा. तिला अजून कुणी रिंगण दाखवलं नव्हतं. दोघीही नवख्याच.

दुपारी अल्बन टायसन नाल बघायला आला. तीस वर्षं तो तिच्या घोड्यांना नाल ठोकत होता, आणि जिभेला त्याच्या हाड नव्हतं.

"लग्नाला निघाल्यासारखी दिसतेयस की गं," तो म्हणाला. "नवरा कुठाय?"

"तुझ्यासारखे बघितले, म्हणून राहिले तशीच."

अल्बन हसत वाकला, मागचा पाय उचलून त्याने नालेचे खिळे तपासले. मग सरळ झाला, आणि हसू त्याच्या तोंडावरून हळूहळू उतरलं. "ही मान अशी तिरकी का धरते?"

"कशी तिरकी?"

"उजवीकडून बघतेय माझ्याकडे. कोंबडीसारखी." तो घोडीला वळसा घालून डावीकडे गेला आणि काही न बोलता उभा राहिला. घोडीचे कान त्याला शोधू लागले. "हेस्बा, डोळ्यातून पाणी येतंय हिच्या."

"माश्या झाल्यात. हवा बघतोयस ना?"

"माश्या दोन्ही डोळ्यांवर बसतात." त्याने आपली पेटी उचलली. "डॉक्टरला दाखव."

"दाखवीन. मेळावा होऊ दे."

नेहमीचा टोमणा तिला अपेक्षित होता. तो आला नाही. "तू शहाणी आहेस," एवढंच म्हणून तो निघून गेला, आणि ते तिला टोमण्याहून जास्त लागलं.

सकाळी पाचला उजाडलं तेव्हाही तीच कोंदट हवा होती. हेस्बाने आयाळ ओली करून तिचे सारखे भाग पाडले आणि सुई-दोरा घेऊन वेण्या शिवायला बसली. वेण्या उजवीकडे पडतात. घोडी उजवीकडून कोकरासारखी शांत होती. एकेक वेणी गुंडाळून मानेवर गाठ बसत गेली तसा हेस्बाचा जीव जरा थाऱ्यावर आला. बोटं जुन्या सवयीने चालत होती. पांढऱ्या पायाला खडूची पूड चोळली, नाकाला बोटभर तेल लावलं, मागच्या पुठ्ठ्यावर ओल्या फणीने चौकटी उमटवल्या, खुरांना काळं तेल दिलं.

मग खोगीर घालायचं होतं. खोगीर डावीकडून घालतात.

ती वळसा घालून तिकडे निघाली आणि आपण मोठ्यांदा बोलतोय हे तिच्या ध्यानात आलं. "आले हं, इकडून आले, ही मी." रोजच ती असं बोलत होती. कधीपासून? डाव्या बाजूला जायचं म्हटलं की तिचं तोंड आपोआप सुरू होत होतं. हाताला जे कळलं होतं ते डोक्याने अजून मान्य केलं नव्हतं.

तिने घोडीचा चेहरा उजेडाकडे वळवला. डाव्या डोळ्यात निळसर धूर साचल्यासारखं काही होतं. बोट उचलून तिने ते डोळ्याजवळ नेलं, आणखी जवळ नेलं. पापणी हलली नाही.

"धूळ गेली असेल," ती आपल्या तबेल्याच्या भिंतीला म्हणाली, आणि खोगिराचा पट्टा आवळला.

स्वतःला नटवायला तिला दहा मिनिटंही लागली नाहीत. पिकले केस जाळीत कोंबले, टाय बांधला, पिवळे हातमोजे, आखूड वेताची छडी. तपकिरी लोकरी ट्वीडचा कोट बाईसाहेबांचा होता, तिच्या मापाने उसवून शिवलेला. मेळाव्याच्या मैदानावर बाईसाहेब स्वतः तो बघायला आल्या.

"चेहरा पांढराफटक पडलाय तुझा," त्या म्हणाल्या.

"पहिलीच वेळ आहे, बाईसाहेब."

"कर्नलसाहेब असते तर म्हणाले असते, तोंड मिटून बस आणि घोड्याला बोलू दे."

हे शब्द तिने त्यांच्या तोंडून प्रत्यक्ष ऐकले होते. ती तेव्हा चोवीस वर्षांची होती. सोलवे नावाचा घोडा होता, पाठ दुखरी, नवं वजन बसलं की उसळायचा. शिकारी घोड्यांच्या वर्गात परीक्षक स्वतः बसून घोडा फिरवून बघतात. दुखणं दबावं म्हणून कर्नलनी घोड्याला कसलीशी पूड चारली आणि हेस्बाला सांगितलं, तोंड मिटून राहा. म्हातारे परीक्षक रिकिबीत पाय घालून वर गेले आणि पाचव्या पावलाला जमिनीवर आले. कमरेचं हाड मोडलं ते पुढे कधी सरळ जुळलं नाही. चौकशीत तिला विचारलं गेलं, घोड्याला काही त्रास होता का? नाही साहेब, ती म्हणाली. मोतद्दाराला वेगळं काय बोलता येणार, असं तिने पुढची चौतीस वर्षं स्वतःला समजावलं होतं.

आज तिच्यावर कुणी कर्नल नव्हता.

तिच्या वर्गाचा पुकारा झाला, तोही शिकारी घोड्यांचाच. चौदा घोडे रिंगणात शिरले. आधी सगळे उजव्या हाताने, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, फिरले. गर्दी डावीकडे राहिली आणि डॅमसन डौलात चालली. फुगे, छत्र्या, भुंकणारी कुत्री, तिला कशाचंच काही नव्हतं. "काय शांत घोडी आहे," दोरापलीकडून कुणीतरी म्हणालं. हेस्बाने लगाम आवळून धरला. घोडी शांत नव्हती. तिला तिकडचं दिसत नव्हतं.

मग दिशा बदलली. दुडक्या चालीत एक करडा घोडा आतल्या बाजूने, डावीकडून पुढे निघाला. टापा कानाशी आल्या तशी डॅमसन उजवीकडे फेकली गेली. हेस्बाचा गुडघा दोराला घासला, दोरापलीकडच्या एका बाईने मूल मागे ओढलं. क्षणभरच. परीक्षक मिसेस स्किल्टन यांची तेव्हा तिकडे पाठ होती.

थोड्या वेळाने घोडे ओळीत बोलावले. पहिला करडा, दुसरा एक काळा, तिसरी डॅमसन.

तिसरी. आपल्यालाच बोलावलं हे हेस्बाला आधी खरं वाटेना. बाईसाहेबांनी लांबून हात वर केला. मिसेस स्किल्टन करड्यावर बसल्या, त्याला फिरवून आणलं; मग काळ्यावर. पन्नाशीच्या, सडपातळ, निळ्या टोपीतल्या बाई. त्यांच्या घोड्यावर बसण्याच्या पद्धतीत घाई नव्हती. हेस्बा खाली उतरून लगाम धरून उभी होती. गडगडाट जवळ आला होता. कदाचित काहीच होणार नाही, तिला वाटलं. कदाचित एक फेरी नीट होईल, आणि तिसरी रिबन.

मिसेस स्किल्टन डावीकडून आल्या. घोडीचे कान मागे गेले. त्यांनी लगाम गोळा केला, पाय रिकिबीकडे उचलला.

"नका बसू मॅडम," हेस्बा म्हणाली. "हिला या बाजूने दिसत नाही."

मिसेस स्किल्टननी पाय खाली ठेवला. हातमोज्याची बोटं त्यांनी डाव्या डोळ्यासमोर नेली, परत नेली. "कधीपासून माहीत आहे?"

आज सकाळी, असं म्हणता आलं असतं. "पंधरा दिवस," हेस्बा म्हणाली. "नक्की आज सकाळी. पण पंधरा दिवस."

"आणि तरी तू आत आलीस. आणखी तेरा स्वार आहेत इथे. दोरापाशी पोरं बसलीत."

"हो."

"बाहेर ने तिला," मिसेस स्किल्टन म्हणाल्या. आवाज चढवला नाही. आभार तर मुळीच मानले नाहीत. मदतनिसाने कागदावर काहीतरी लिहिलं आणि चौथ्या घोड्याला तिसऱ्या जागी बोलावलं.

रिंगण ओलांडायला दीडशे पावलं असतील. टाळ्या नाहीत, हुर्यो नाही. लोक नुसते बघत होते. बाईसाहेब दोरापाशी आल्या तेव्हा हेस्बा त्यांना एवढंच म्हणाली, "सोलवेच्या वेळीही मला माहीत होतं." बाईसाहेबांनी ते ऐकलं, मान वळवली आणि आपल्या गाडीकडे चालू लागल्या. त्यानंतर हेस्बाला त्यांचं बोलावणं आलं नाही. कोट तिने धुऊन, घडी करून पाठवला. तोही पोचल्याचा निरोप आला नाही.

डॉक्टर संध्याकाळी येऊन गेले. हा डोळा गेलेला, ते म्हणाले. दुसऱ्याचा भरवसा देता येत नाही. हा आजार पुष्कळदा एका डोळ्यावर भागत नाही. त्या दिवसापासून हेस्बा रोज सकाळी उजव्या डोळ्यासमोर हात हलवी, पापणी मिटली की दार उघडी. दुसऱ्या हिवाळ्यात, फेब्रुवारीत, एका सकाळी पापणी मिटली नाही.

अल्बनने स्वतःच्या कळपातली एक म्हातारी मेंढी आणून कुरणात सोडली, गळ्यात घंटा बांधून. "फुकट नाही देत," तो म्हणाला. "रविवारी जेवायला घालायचं मला." डॅमसन आठवडाभर कुंपणाला धडकली, मग घंटेमागे चालायला शिकली.

हेस्बा अजून मेळाव्याला जाते. दुसऱ्यांच्या घोड्यांच्या वेण्या घालते, आणि घोड्यात काही खोट दिसली की तिथल्या तिथे, चार माणसांत, बोलून टाकते. म्हणून अलीकडे लोक तिला बोलवायला जरा कचरतात.