मास्तरांनी न सांगितलेलं नाव

सदऱ्याचं बटण काजात अडकलं, की ते प्रकरण मला अजून आठवतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतल्या कितीतरी गुन्ह्यांचे तपशील आता डायरी काढल्याशिवाय सांगता येत नाहीत. हे प्रकरण होतं दोन गठ्ठे लेबलांचं. पण त्यातला प्रत्येक माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो, कारण त्यात मी चुकलो होतो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. कोल्हापुरात एका पेठेच्या ठाण्यात मी फौजदार होतो. हद्दीत कापडाची दुकानं पुष्कळ, आणि कापडवाल्यांच्या तक्रारी ठरलेल्या. घरमालक दुकान खाली कर म्हणतो. शॉप अ‍ॅक्टवाला साहेब येऊन गेला. एका भावाच्या कुलपावर दुसऱ्या भावानं आपलं कुलूप ठोकलं. यातल्या निम्म्या गोष्टी दिवाणी असायच्या. आम्ही अदखलपात्र नोंद करून घ्यायचो, कोर्टाची वाट दाखवायचो आणि चहा पाजून बोळवण करायचो.

एक दिवस सकाळी एक दुकानदार आला. चाळिशीचा, अंगानं भरलेला, कपाळावर आठ्या. वडिलांच्या पश्चात तो आणि धाकटा भाऊ मिळून तयार कपड्यांचा धंदा चालवत होते. त्यांची बंडी जिल्हाभर खपायची. आत चोरखिसा, पुढं पाच बटणं, गळ्याशी नांगराचं चित्र विणलेलं लेबल. शाहूवाडी, आजरा, गगनबावडा, कुठूनही शेतकरी बाजाराला आला, की नांगराची बंडी मागायचा.

"साहेब, आमच्या लेबलाचा खोटा माल बाजारात आलाय," तो म्हणाला. "एका धुण्यात रंग जातोय. लोक दुकानात येऊन बंडी तोंडावर फेकत्यात. पावणं, बापाचं नाव घालवलासा म्हणत्यात."

मी म्हटलं, "खोट्या मालाचं वकिलाला विचारा."

"लेबलं खोटी न्हाईत की. लेबलं आमचीच हायत. कपाटातनं दोन गठ्ठे गेल्यात."

आता ही चोरी झाली. कपाटाच्या किल्ल्या तीन होत्या. एक त्याच्याकडं, एक धाकट्याकडं आणि एक कटिंग मास्तरांकडं. मास्तर मुसलमान समाजातले, साठीला आलेले, या भावांच्या वडिलांच्या काळापासून दुकानात. संशय कुणावर, असं विचारल्यावर दुकानदारानं टेबलाकडं पाहत मास्तरांचं नाव घेतलं. मालकाच्या ताब्यातल्या वस्तूची नोकरानं केलेली चोरी, म्हणून गुन्हा दाखल झाला. मालक आपल्याच घरात चोरी कशाला करील, असं मी धरून चाललो. हे धरून चालणं पोलिसाला फार महागात पडतं.

माझ्या हवालदारानं शाहूवाडीकडचे बाजार धुंडाळले. मलकापूरच्या आठवडी बाजारात एका फेरीवाल्याजवळ त्या बंड्या सापडल्या. दोन पंच बोलावून, पंचनामा करून बारा नग मुद्देमाल म्हणून जप्त झाले. फेरीवाला म्हणाला, "गठ्ठा एसटीच्या टपावरनं येतोय. पाठवणाऱ्याचं तोंड म्या बघितलं न्हाय. पैसं न्यायला हमाल येतोय."

त्याच आठवड्यात खबर आली. पेठेतल्याच एका शिंप्यानं येऊन सांगितलं, मास्तरांच्या घरी नवीन मशीन आलंय, दिवसभर खडखड चालू असते. मी झडती घेतली. मशीन होतं. लग्नाच्या मुलीसाठी घेतलेलं, असं मास्तरांची बायको सांगत होती. मुलगीही तिथंच दाराआड उभी होती. तिची सोयरीक आजऱ्याच्या एका घरात ठरली होती, महिन्याभरात निकाह होता. लेबल एकही सापडलं नाही. पण फळीवर पुठ्ठ्याचे फर्मे मिळाले. ज्यावर बेतून कापड कापतात ते साचे, आणि ते नांगराच्या बंडीचेच.

"हे दुकानातले ना?" मी विचारलं.

"फर्मं माझं हायत साहेब," मास्तर म्हणाले. "माझ्या हातानं कापल्यात. दुकान उघडलं तवाच्या आधीपास्नं."

माझ्या दृष्टीनं चोर सापडला होता. वस्तू जिथं मिळते तिथंच चोर मिळतो, असा माझा त्या वेळचा खाक्या.

मास्तरांना मी अटक केली नाही. चौकशीला बोलावलं. सकाळी यायचं, बाकावर बसायचं, दिवेलागणीला घरी जायचं. कागदावर याला काही नाव नसतं, पण बाजारात असतं. ठाण्याचा तो बाक रस्त्यावरून दिसायचा. मुल्लाणी जाई, कासार जाई, दुकानाचं गिऱ्हाईक जाई, आणि प्रत्येक जण मान वळवून बघे. पहिल्या दिवशी मास्तर टोपी मांडीवर ठेवून ताठ बसले होते. दुसऱ्या दिवशी तोंड भिंतीकडं वळवून बसले.

त्या दुपारी मी जप्त केलेली एक बंडी त्यांच्यापुढं टाकली. त्यांनी उचलली. कापड चिमटीत धरून पाहिलं, शिवण उलटी केली आणि नाक मुरडलं. "ही शिवण माझी न्हाय. टाके बघा, किती लांब मारल्यात. असली शिवण म्या मेलो तरी दुकानातनं जाऊ दिली नसती." मग त्यांचा अंगठा काजपट्टीवरून सरकत खाली आला आणि पहिल्याच काजावर थांबला. त्यांनी ते काज उजेडाकडं धरलं, दुसरं पाहिलं, तिसरं पाहिलं. बंडीची घडी घातली आणि टेबलावर ठेवली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय न्हाय."

"कुणाचं काम आहे हे?"

"मला ठावं न्हाय साहेब."

आत्तापर्यंत भडाभडा बोलणारा माणूस एकदम मिटला. मी आवाज चढवला, टेबल आपटलं. "उद्या अटक करून कोर्टापुढं उभा करीन," असंही बोललो. ते म्हणाले, "करा साहेब. माझ्या पोरीचं लगीन मोडंल. पण मला ठावं न्हाय." मला वाटलं, चला, फुटायला आला. माझी खात्रीच पटली.

संध्याकाळी हवालदारानं सहज विचारलं, "साहेब, शिवण बघताना म्हातारा बोलत हुता. काज बघितल्यावर का गप झाला?" हा हवालदार चार बुकं शिकलेला, पण त्याच्या डोळ्याला तोड नव्हती. मी त्याच्यावर खेकसलो. मग मात्र तो प्रश्न मला काही झोपू देईना, म्हणून सकाळी ठाण्यात जायच्या आधी माझे कपडे शिवणाऱ्या शिंप्याकडं गेलो. त्यानं सांगितलं, "मशीनच्या शिवणीवरनं माणूस वळखणं अवघड. काज हातानं करत्यात. ते बायका करत्यात, घरी बसून. जिनं केलंय तिचा हात त्यात दिसतोय."

फिर्याद देणाऱ्या थोरल्या भावाला विचारलं, तुमची काजं कोण करतं? तो म्हणाला, "बाहेर देत न्हाय आमी. घरातच हुत्यात. आई करती, आमची ही करती, धाकट्याची करती. बापाच्या येळंपास्नं तसंच हाय. मास्तर कापतोय, कारागीर शिवत्यात, मास्तर तपासून गठ्ठा घरी पाठवतोय आणि काजं झाली की परत तपासून घेतोय."

मी मुद्देमालातल्या दोन बंड्या घेऊन त्यांच्या घरी गेलो. सोबत हवालदार आणि थोरला. त्याच्या आईला सगळी पेठ आक्का म्हणायची, मुलंही तेच म्हणायची. आक्का सोप्यात सुईदोरा घेऊन बसल्या होत्या. डोळ्यांना जाड चष्मा, हाताची बोटं सुईनं खरबरीत झालेली. बंडी हातात दिल्यावर त्यांनीही शिवणीला नाक मुरडलं. मग काज पाहिलं.

"मास्तराला दावली काय ही बंडी?" त्यांनी विचारलं.

"दाखवली."

"काय म्हणला?"

"काहीच नाही. दोन दिवस ठाण्यात बसून आहे, तोंड उघडत नाही."

आक्कांनी सुईदोरा खाली ठेवला. मग चष्मा काढून म्हणाल्या, "त्यानं वळखलीया. रोज तपासतोय त्यो. हे टाके उलट्या अंगाला पडल्यात बघा. माझ्या धाकट्या सुनंचं काम हाय हे. डावरी हाय ती. म्याच शिकवलंय तिला."

"आक्का, तू गप बस," थोरला म्हणाला. तो माझ्याकडं वळला. "साहेब, ती दुकानाचंबी काम करती. तसला एखादा गठ्ठा असंल."

"तीन म्हयनं झालं ती म्हायेरी हाय, नरसोबाच्या वाडीला, बाळंतपणाला. दुकानाचं काम तिच्याकडं कसं जाईल? आणि असलं कापड आपल्या दुकानात कधी आलंय?" मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "साहेब, तिला काय ठावं नसंल. तिचा नवरा दर आठवड्याला तिकडं जातोय. दुकानाची निकड हाय म्हणून गठ्ठा देत असंल. पोरगी भाबडी हाय, करून देती."

"आक्का, आपल्याच पोराला..."

"मग काय करू? त्या माणसाला आत घालू? तुझा बाप गेला तवा दुकान बंद पडू दिलं न्हाय त्यानं. त्याच्या पोरीचं लगीन हाय. आपल्या घरातल्या बाईचं नाव चौकीत घ्यायचं न्हाय म्हणून त्यो गप बसलाय, आणि म्या हितं बसून काजं करू?" एवढं बोलल्यावर त्यांना रडू आलं. थोरला खांबाला टेकून उभा राहिला. मला तिथं उभं राहणं नको झालं. दोन दिवस ज्या माणसावर मी ओरडलो, तो का गप्प होता ते आत्ता समजत होतं, आणि मला स्वतःची मनापासून लाज वाटली.

धाकट्याला त्याच दिवशी बोलावलं. सत्ताविशीचा, शिकलेला, कडक इस्त्रीचा. त्यानं पाच मिनिटांत कबूल केलं, आणि वर मलाच विचारलं, "लेबल माझ्या बापाचं. बापाला पोरं दोन. दादानं ट्रेड मार्कचा अर्ज एकट्याच्या नावानं केला, मला विचारलंसुद्धा न्हाय. मग माझ्या बापाचं लेबल म्या वापरलं, त्यात चोरी कसली?"

"आणि मास्तरांना इथं बसवलं होतं तेव्हा का बोलला नाहीस?"

तो इस्त्रीची बाही सारखी करत म्हणाला, "वाटलं, सुटंल की त्यो."

मी खुर्चीतून उठलो होतो. हवालदार मध्ये आला म्हणून बरं झालं.

सरकारी वकिलांनी कागद पाहून सांगितलं, चोरी टिकणार नाही. धंदा एकत्र कुटुंबाचा, भागीदारीचा लेखी करार नाही, लेबल कुणाचं ते ठरलेलं नाही, आणि हा हक्क सांगतोय. वाद दिवाणी आहे. मी 'क' समरीचा अहवाल पाठवला, म्हणजे ना गुन्हा खरा ना खोटा, गैरसमजातून नोंदलेला. भाऊ पुढं दिवाणी कोर्टात गेले आणि नांगराच्या लेबलावरून कितीतरी वर्षं भांडले. बापानं एका कागदावर चार ओळी लिहून ठेवल्या असत्या तर हे झालं नसतं. अशी घरं मी पुढंही पुष्कळ पाहिली. चांगलं चाललंय तोवर कागद करायला कुणाला सवड नसते. कागद मागणं म्हणजे भावावर अविश्वास, असंच सगळे समजतात.

मास्तरांना मी बोलावून सांगितलं, तुमच्यावर काही नाही. त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, "साहेब, तसं लिवून द्या की."

"काय लिहून देऊ?"

"मी चोर न्हाय म्हणून. आजऱ्याच्या लोकांनी निरोप धाडलाय, जरा थांबू म्हणत्यात. त्यांना दावायला कागद पायजे."

मी त्यांना समजावलं, की असा दाखला देण्याची आमच्याकडं पद्धत नाही. अहवाल कोर्टात जातो, नक्कल तिथं मिळेल, अर्ज करावा लागेल. सगळं नियमाला धरून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, सलाम केला आणि गेले. दुकानात ते परत गेले नाहीत. आपले फर्मे घेऊन घरीच काम करू लागले.

दीड महिन्यानं ते ठाण्यात आले, हातात निकाहाची पत्रिका. मी चकित झालो. विचारलं, कोर्टातून नक्कल मिळाली का?

"न्हाय साहेब. आक्का गेलत्या आजऱ्याला. एकट्याच, एसटीनं. मला कायबी सांगितलं न्हाय. त्यांच्या सोप्यात बसल्या आणि म्हणल्या, चोरी माझ्या पोरानं केली, ह्यो माणूस माझ्या सुनंचं नाव झाकायला चौकीत बसला. असल्या घरची पोरगी सोडू नका." बोलता बोलता मास्तरांनी डोळे पुसले. "स्वताच्या पोराची इज्जत साहेब, परक्याच्या दारात ठेवून आल्या त्या."

या प्रकरणानं मला एक शिकवलं, की गप्प बसलेला माणूस नेहमी स्वतःला वाचवत नसतो. पुढं कुणी असं मिटलं, की मी आवाज चढवायच्या आधी विचार करायचो, हा कुणासाठी गप्प आहे? त्यामुळं बरेच गुन्हे उघडकीस आले. माझ्या हाताखालच्या पोरांना मी हे सांगत आलो. पण दुसरी एक गोष्ट कुणाला सांगितली नाही, ती इथं लिहितो. त्या माणसाला बाकावर मी बसवलं होतं. त्याची अब्रू मी घालवली होती. आजऱ्याला जाऊन दोन शब्द बोलायला कुठलाच नियम आड येत नव्हता. ती म्हातारी एसटीनं गेली, आणि माझ्याकडं जीप होती.