विमा का राहिला होता?

वकिलाच्या ऑफिसात फायली निकाली निघतात, किस्से मात्र तिथेच राहतात. शनिवार पेठेतल्या आमच्या ऑफिसात ते इतके साठले होते, की नवीन पक्षकार आत येऊन बसला की आमचे क्लार्क रशीदभाई त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवायचे आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणायचे, "ताई, वही काढा!"

वही म्हणजे माझी डायरी. मी तिथल्या वकीलसाहेबांची, म्हणजे आमच्या सरांची, ज्युनिअर. आमच्याकडे अपघाताच्या भरपाईचे दावे असायचे. गाडीचा विमा असेल तर जखमी माणसाला भरपाई विमा कंपनी देते. विमा नसेल तर ती गाडीच्या मालकाच्या बोकांडी बसते, गाडी कुणीही चालवत असो. मालकानंही दिली नाही, तर सरकार शेतसाऱ्याच्या थकबाकीसारखी ती वसूल करतं. म्हणजे थेट जमिनीवर जप्ती!

एवढं सगळं असताना माणसं विमा काढत का नाहीत, याचं मला भारी कुतूहल. म्हणून बिनविम्याचा पक्षकार आला की मी एकच प्रश्न विचारायची, "विमा का राहिला होता?" उत्तर डायरीच्या मागच्या पानावर.

* * *

पहिलं उत्तर एका चष्म्याच्या दुकानदाराचं. पेठेतलेच गृहस्थ. सकाळी अकराला त्यांच्या गाडीनं एका भाजीवालीला धक्का दिला. साहेब तिला दवाखान्यात सोडून तडक विम्याच्या ऑफिसात गेले आणि दीड वाजता पॉलिसी घेऊन बाहेर पडले!

"राहिला कुठे? हा काय विमा," असं म्हणून त्यांनी कागद माझ्यापुढे ठेवला. "तारीख बघा. अपघाताचीच आहे."

सरांनी कागद उलटसुलट करून पाहिला. तारखेशेजारी वेळही छापलेली होती.

"अहो, लग्न आणि बारसं एकाच तारखेला झालं," सर म्हणाले, "तर लोक विचारतातच ना, आधी काय झालं?"

* * *

दुसरे एक निवृत्त प्राध्यापक. यांनी आपली स्कूटर वारज्याच्या एका ओळखीच्याला विकली. पैसे घेतले, किल्ली दिली. आरटीओत नाव मात्र बदललं नाही. त्या ओळखीच्यानं विमा काढला नाही आणि चौथ्या महिन्यात एकाचा हात मोडला. कागदोपत्री मालक कोण? प्राध्यापक!

"पण काका, नाव बदलायचा फॉर्म का नाही भरला?" मी विचारलं.

"भरला होता. त्याची सही राहिली."

"का?"

"तो पेन घेऊन आला नव्हता," प्राध्यापक शांतपणे म्हणाले, "आणि माझं पेन मी कुणाला देत नाही."

भरपाईचा चेक मात्र त्यांनी त्याच पेनानं लिहिला. मी समोर होते. अक्षर सुंदर होतं.

* * *

आमचे रशीदभाई या बाबतीत फार काटेकोर. त्यांच्या मोपेडचा विमा एक दिवसही कधी चुकला नाही. पॉलिसी ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून मोपेडच्या डिकीत ठेवायचे, न जाणो कधी लागेल. एक दिवस मंडईबाहेरून मोपेड चोरीला गेली. पिशवीसकट!

"गाडीचं दुःख नाही ताई," ते म्हणाले. "पण चोर आता विमा घेऊन फिरतोय आणि मी पायी!"

त्या दिवशी सरांनी ऑफिसात नियम केला. मूळ कागद कपाटात, कुलपात. गाडीत फक्त झेरॉक्स. स्वतःच्या स्कूटरचा कागद त्यांनी त्याच दिवशी माझ्याकडून कपाटात लावून घेतला.

* * *

आता हौसाबाई. धायरीच्या. वय सत्तरीपुढे. त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांचा मुलगा दत्ता बरोबर होता. त्यांच्याकडे पद्धत अशी, की घरातली पहिली गाडी आईच्या नावावर घ्यायची, म्हणजे यश येतं. त्यामुळे दत्तानं घेतलेल्या जीपच्या मालकीण हौसाबाई. स्टिअरिंगला त्यांनी हात लावला होता तो फक्त हळदकुंकू वाहताना!

त्या जीपची धडक वारज्याच्या शंकर नावाच्या गवंड्याच्या सायकलला बसली. गुडघा गेला. परांचीवर चढणं कायमचं बंद. त्यानं दावा लावला तो अर्थात मालकिणीवर. आणि मालकिणीच्या नावावर दुसरं होतं काय? नवऱ्यामागे राहिलेलं दीड एकर रान. घर त्यावरच चालायचं. निकाल विरोधात गेला की ते लिलावात जाणार, हे सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. दत्ता रडायला लागला. मलाही फार वाईट वाटलं, तरी मी डायरी उघडलीच.

"विमा का राहिला होता?"

"पहिल्या वर्षी काढला हुता की ताई," दत्ता डोळे पुसत म्हणाला. "वर्षभर काय बी झालं न्हाई. समदं पैसं वाया गेलं! मग दुसऱ्या वर्षी न्हाई काढला."

"पन नारळ फोडतो की आमी दर दसऱ्याला," हौसाबाई म्हणाल्या.

"आजी," सर म्हणाले, "नारळ कोर्टात पुरावा म्हणून घेत नाहीत हो."

* * *

बचाव एकच शक्य होता. चूक सायकलवाल्याची, सायकल अचानक आडवी आली. दत्तानं सांगितलं तसं सरांनी कैफियतीत, म्हणजे कोर्टाला द्यायच्या लेखी उत्तरात, लिहिलं आणि हौसाबाईंचा अंगठा घेतला. अपघात झाला तेव्हा त्या दत्ताच्या शेजारीच बसल्या होत्या, म्हणून साक्ष त्यांचीच ठेवली.

साक्षीच्या दिवशी नवं लुगडं नेसून त्या पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. समोर बाकावर शंकर, पाय लांब करून. शंकरच्या वकिलांनी विचारलं, "सायकल मध्ये आली होती का?"

"न्हाई बा. त्यो कडंनं चालला हुता बिचारा. माजा पदर दारात अडाकला, दत्ता त्यो सोडवाय वाकला, आन् झालं."

सरांनी डोळे मिटून घेतले. दत्ता दाराबाहेर निघून गेला.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "आजी, तुमच्या कैफियतीत तर सायकल आडवी आली असं लिहिलंय."

"ते वकीलसायबांनी लिवलंय," हौसाबाई म्हणाल्या. "ते कुटं गाडीत हुते?"

सगळं कोर्ट हसलं. त्या मात्र काळजीनं पुढे वाकल्या. "त्यास्नी वरडू नगा सायेब. मानूस चांगला हाय."

* * *

बाहेर व्हरांड्यात सर एवढंच म्हणाले, "आजी, रान गेलं तुमचं."

हौसाबाईंनी ऐकलं की नाही कोण जाणे. शंकर बाहेरच्या बाकावर येऊन टेकला होता, त्या सरळ त्याच्या शेजारी जाऊन बसल्या. "गुडगा किती वाकतो रं?" त्यानं वाकवून दाखवला. फार नाही वाकला.

मग म्हणाल्या, "आमच्या रानात सडकंच्या कडंला जागा हाय. तितं बसून करन्याजोगं काय येतं तुला?"

"लिहितावाचता येतं," शंकर म्हणाला.

पुढच्या तारखेला तडजोड दाखल झाली. जीप विकून आलेले पैसे आणि सडकेकडेची जागा शंकरला. दीड एकरातलं बाकीचं रान हौसाबाईंकडे. सरांनी कैफियतीची आपली प्रत फाडून टोपलीत टाकली. एवढी चांगली तडजोड आपण तीस वर्षांत कधी घडवली नाही, असं ते रशीदभाईंना म्हणाले. मी ऐकलं नाही असं समजून म्हणाले.

* * *

त्यानंतर दोनेक वर्षांनी दुसऱ्या एका अपघाताची जागा बघायला मी आणि सर त्यांच्या स्कूटरवरून धायरीला गेलो. सडकेच्या कडेला निळी टपरी. वर पाटी : 'गाडीचा विमा काढून मिळेल. आज काढा.' आत शंकर, पाय स्टुलावर. बाजूच्या खुर्चीत हौसाबाई शेंगा सोलत बसलेल्या. शंकर सांगत होता, त्यांच्यासमोरून गावातली एकही गाडी बिनविम्याची जात नाही. त्या उठून रस्त्यात उभ्या राहतात!

सरांना बघून दोघांना केवढा आनंद. चहा आला. सर खुशीत होते. शंकरनं सवयीनं हात पुढे केला. "सर, तुमच्या गाडीचा कागद बघू."

सरांनी ऐटीत डिकी उघडून झेरॉक्स दिली. शंकरनं ती दोनदा वाचली.

"सर, हा तर मार्चमध्येच संपलाय."

"ती नुसती झेरॉक्स आहे," सर म्हणाले. "मूळ कागद ऑफिसच्या कपाटात असतो. कुलपात."

मग कपाटातल्या कागदावरही हीच तारीख असणार, हे त्यांच्या लक्षात आलं. कपातला चहा तसाच राहिला. मी डायरी पर्समधून अर्धी बाहेर काढली होती, ती परत आत ढकलली. शंकर म्हणाला, "आजचे कागद ऑफिसात गेले सर, तुमचा आता उद्याच होईल."

हौसाबाईंनी शेंगांचं सूप खाली ठेवलं, उठून स्कूटरपुढे येऊन उभ्या राहिल्या आणि तळहात पुढे केला.

"किल्ली द्या हिकडं, वकीलसायेब. बस फाट्यावर थांबती."