आधी चौकोन

आमच्या घरातल्या प्रत्येक पुस्तकात खुणेला ईसीजीच्या कागदाचा तुकडा असायचा. सामानाच्या याद्याही त्याच्याच पाठीवर. पुढून कुणाचं तरी काळीज धडधडतंय आणि मागून ‘साबण दोन, काडेपेट्या चार’. ते काळीज बहुतेक वेळा आमच्या बाबांचं.

माझी आत्या, बाबांची धाकटी बहीण, इस्पितळाच्या तळघरात ईसीजीची मशिनं दुरुस्त करायची. मशीन दुरुस्त झालं की कुणाला तरी लावून बघावं लागतं, आणि आजाऱ्यावर पहिला प्रयोग कसा करणार? म्हणून शनिवारी बाबा तिचा डबा घेऊन जायचे, मी शेपटासारखी मागे. डबा टेबलावर ठेवला की बाबा शर्ट काढून बाकावर आडवे.

“आला फुकटचा गडी,” आत्या म्हणायची.

“फुकटचा कसला? डबा आणलाय. आई गं, किती गार आहे हे!”

“दादा, कुडकुडलास तर सुई नाचते. गप पड.”

त्या खोलीची एकच खिडकी, छताला टेकलेली. तिच्यातून रस्त्यावरच्या माणसांचे फक्त पाय दिसायचे. डाग देण्याच्या तारेचा, सोल्डरचा वास. भिंतीवर खिळा, त्याला बाबांच्या ईसीजीच्या पट्ट्या तारखेवार टोचलेल्या. मशीन सुरू झालं की मी ठोके बघायला वाकायचे आणि आत्या तळहातानं माझं कपाळ मागे ढकलायची.

“आधी चौकोन. एकच पुरतो.”

मशीनला एक खटका होता. तो दाबला की सुईला आतून ठरलेल्या मापाचा धक्का बसायचा, दर वेळी तेवढाच. मग ती तापलेली सुई कागदावर चौकोन काढायची. दहा घरं वर, थोडं सरळ, खाली.

“कोपरा बघ,” आत्या सांगायची. “कोपऱ्यावर शेंडी उगवली तर सुई सैल आहे, उधळतेय. कोपरा गोल आला तर कागदावर घासतेय, आळसावलीय. एक मशीन तिखटमीठ लावून सांगणार, दुसरं अर्धं गिळणार.”

“आणि खटका दाबूनच धरला तर?”

“तर रेघ वर जाते आणि सावकाश उतरते. झपकन उतरली तर समज, आतला कपॅसिटर थकलाय. मग ठोक्यानंतरची रेघ उगाच खाली बसते, आणि धडधाकट माणसाला डॉक्टर खाटेवर झोपवतात.”

घरच्यांनाही तिनं हाच न्याय लावला होता. एकदा तिनं प्रत्येकाला वेगवेगळं गाठून, अगदी एकाच सुरात खोटंच सांगितलं, “मी नोकरी सोडली.” आणि मनगटावरचं घड्याळ बघत बसली. आई “अगं बाई!” करून उडाली, दोन येरझाऱ्या घातल्या, अर्ध्या मिनिटात म्हणाली, “बरं, जेवणार ना?” बाबांनी नुसती मान हलवली. जेवले, हात धुतले, वर्तमानपत्र उघडलं, आणि तासाभरानं म्हणाले, “सोडली म्हणजे?”

तेव्हापासून बाबांचं नाव पडलं ‘गोल कोपरा’. पुढे मी नाटक शिकायला जाणार म्हणाले तेव्हाही आत्यानं आधी घड्याळ बघितलं.

तर असाच एक शनिवार. तळघराचा जिना उतरताना बाबा मध्येच कठड्याला धरून थांबले. “पायऱ्या वाढवल्या वाटतं यांनी.” मी हसले. नेहमीसारखे ते आडवे झाले. आत्यानं चौकोन काढला, मान डोलावली, आणि ठोके सुरू झाले.

प्रत्येक ठोक्यानंतरची रेघ खाली बसत होती. मला काही कळत नव्हतं, पण खिळ्यावरच्या पट्ट्या समोरच होत्या. त्यांत ती रेघ सपाट होती.

आत्याचा चेहरा चक्क उजळला. “माझंच चुकलं! सकाळी कपॅसिटर बदलला ना, नीट बसला नसणार.” माझंच चुकलं, हे शब्द तिच्या तोंडून मी त्याआधी कधी ऐकले नव्हते. दुरुस्ती फसावी म्हणून इतकी आसुसलेली मेकॅनिकही मी पुन्हा पाहिली नाही.

तिनं खटका दाबला. चौकोन. दाबून धरला. रेघ वर गेली, आणि जशी उतरायला हवी तशीच, सावकाश उतरली. तारा बदलल्या. चौकोन. परत चौकोन.

“काय गं,” बाबा बाकावरून म्हणाले, “नक्षी काढतेस का?”

“दादा, छातीत दुखतंय?”

“छे.”

सुई चालत राहिली. खिडकीतून दोन-चार जोड्या पाय गेले. मग बाबा म्हणाले, “सकाळपासून जरा जड वाटतंय खरं.”

“मेला गोल कोपरा,” आत्या पुटपुटली, आणि तिनं फोन उचलला.

डॉक्टरीणबाई खाली आल्या. त्यांनी पट्टी बघितली, मग बाकावर हसत पडलेल्या बाबांकडे. “ताई, हे तर ठणठणीत दिसतायत. मशिनाचाच घोळ असेल. वॉर्डातलं दुसरं मागवू? अर्ध्या तासात मोकळं होईल.”

आत्याला हो म्हणायचं होतं. मला दिसत होतं ते. ओठ उघडलेसुद्धा.

“नको,” ती म्हणाली. “चौकोन सरळ आहे.”

डॉक्टरीणबाईंनी लगेच वॉर्डात फोन लावला. जिन्यावरून स्ट्रेचर उतरलं. डबा तसाच राहिला.

त्यानंतर बाबा अकरा वर्षं जगले, आणि येईल-जाईल त्याला सांगत राहिले, “सख्ख्या भावापेक्षा हिचा मशिनावर विश्वास, म्हणून मी आहे.” आत्या म्हणायची, “भाऊ खोटं बोलतो. छे म्हणतो.”

आता आत्या निवृत्त झालीय. परवा तिचं कपाट आवरताना त्या शनिवारची पट्टी हाती लागली. कागद पिवळा पडलाय, रेघा पुसट झाल्यात. ठोके थोडेच आहेत. बाकी सगळे चौकोनच, एकाला लागून एक. मी बोट ठेवून मोजले. नऊ.

“आत्या, एकच पुरतो म्हणायचीस ना गं?”

तिनं पट्टी माझ्या हातातून घेतली, घडीवर घडी घालून पदराखाली धरली.

“मोजत बसू नकोस. चहा टाक.”