वेल्ह्याच्या नर्सबाईची परीक्षा

नर्सचं काम सोडून मला बरीच वर्षं झाली, पण किस्से काही मला सोडत नाहीत. बायका भेटल्या की म्हणतात, सांगा की एखादा. एक सांगायला घेतला की मागून दुसरा येतोच, जुळ्यासारखा. त्यातले परीक्षेचे तेवढे आज सांगते.

सत्तर सालानंतरची गोष्ट. भोर-वेल्ह्याच्या नर्सबायांना बाळंतपण नीट करता येतं का, हे तपासायला पुण्याहून एक डॉक्टर मॅडम आल्या. जी कच्ची निघेल तिला सहा महिने पुण्याला ट्रेनिंग, आणि तोवर तिच्या केंद्राला कुलूप. माझं केंद्र वेल्ह्याच्या डोंगरात. तिथून अडलेली बाई झोळीत घालून खाली दवाखान्यात न्यायची तर अर्धा दिवस जायचा. सहा महिने कुलूप म्हणजे काय होईल, ते मला ठाऊक होतं. शिवाय मी शाळेत चौथीपर्यंतच. सातवी घरी बसून दिली, चुलीच्या उजेडात पुस्तक धरून, आणि मग नर्सचा कोर्स केला. आणि मला कोणी कच्ची म्हणणार?

*

भोरला पहिली परीक्षा लाकडी बाईची. म्हणजे लाकडाची नुसती कंबर, आणि तिच्यातून बाहेर काढायचं कापडी बाळ. पहिला नंबर माझ्या मैत्रिणीचा, भाटघरच्या शकू नर्सचा. शकू खाली बसली, लाकडावर हात ठेवला आणि मायेनं विचारलं, "नाव काय ताई? कितवी खेप?"

मॅडम म्हणाल्या, हे लाकूड आहे, सरळ बाळ काढा.

शकू हलेना. "कळा आल्याशिवाय मी हात लावत नाही."

दहा मिनिटं आम्ही सगळ्या लाकडाला कळा येण्याची वाट बघत बसलो. शेवटी मॅडमच म्हणाल्या, "बरं बाई, आल्या कळा."

*

मग हात धुणं. मॅडम घड्याळ घेऊन बसल्या. साबण, ब्रश, वाहतं पाणी, पाच मिनिटं. मी विचारलं, वाहतं म्हणजे ओढ्याचं का? म्हणाल्या, नळाचं. माझ्या वाड्यांवर नळ कुणी पाहिला होता? मी एका तांब्यात दोन्ही हात कोपरापर्यंत धुऊन दाखवले, उरलेल्या पाण्यात ब्रशही धुतला. मॅडमनी एकेक नख तपासलं. काही सापडलं नाही. हे कुठं शिकलात, त्यांनी विचारलं.

"शिकवलं कुणी नाही. चैत्रात आमच्याकडं राहायला या, तुम्हालाही येईल."

*

तोंडी परीक्षेत प्रश्न आला, बाळंतिणीला रक्तस्राव सुरू झाला तर पहिल्यांदा काय कराल?

"पहिल्यांदा सासूला बाहेर काढीन."

मॅडमचं पेन थांबलं. मी पुढचं सांगितलं: पोट चोळीन, इंजेक्शन देईन, बाळ छातीशी लावीन, झोळीसाठी माणसं बोलवीन. पण सासू आत असेल तर ती बाळंतिणीला उठवून बसवणार आणि माझा हात धरणार. म्हणून आधी सासू. मॅडम म्हणाल्या, पुस्तकात सासू कुठेच नाही.

"म्हणून तर पुस्तकातल्या बायका वाचतात," मी म्हटलं.

शकूनं पदर तोंडात कोंबला.

*

आता माझी फजितीही सांगते, नाहीतर म्हणाल म्हातारी नुसती फुशारक्या मारते. ब्लडप्रेशरच्या मशीनची पाळी आली. माझ्या केंद्रातल्या मशीनचं रबर उंदरांनी खाल्लेलं. वर लिहून कळवलं, तर उत्तर आलं, जपून वापरा. त्यामुळे कोर्सनंतर चालू मशीन मी त्या दिवशीच पाहिलं. पण येत नाही म्हणेन ती मी कसली? मॅडमच्याच दंडाला पट्टा बांधला आणि फुगवत सुटले. त्यांची बोटं निळी पडायला लागली, तेव्हा ऐटीत सांगितलं, "एकशे वीस."

मॅडम म्हणाल्या, नळी तर तुम्ही कानात घातलीच नाही.

"मला बाहेरून ऐकू येतं."

मॅडमनी कागदावर बराच वेळ काहीतरी लिहिलं.

*

निकाल त्याच दिवशी लिहून झाला. एक खरं बाळंतपण बघायचं तेवढं नियमापुरतं राहिलं होतं, त्यासाठी मॅडम माझ्या केंद्रावर मुक्कामाला आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गुंजवण्याकडच्या एका वाडीवरून निरोप आला, पहिलटकरीण आहे. मॅडम माझ्याबरोबर निघाल्या. तिकडूनच एसटी धरायची म्हणून सगळं सामान जवळ, माझ्या निकालाचं लाख लावून बंद केलेलं पाकीटसुद्धा.

दुपार झाली तरी बाळ खाली सरकेना. बाळाचे ठोके चांगले होते, धीर धरायचा एवढंच काम होतं. पण सासूला कुठला धीर? बाई अडली की घरात काही बांधलेलं, झाकलेलं ठेवायचं नाही, अशी तिकडची रीत. म्हातारीनं ट्रंकेचं कुलूप काढलं, कणगीचं झाकण काढलं, सुनेची वेणी सोडली, माझा अंबाडा सोडला, गोठ्यातल्या म्हशी सोडल्या. मॅडमच्या फॉर्मात एक ओळ होती, नर्स अंधश्रद्धेला आळा घालते का? त्या पेन धरून माझ्याकडे बघत होत्या. तेवढ्यात म्हातारीला पाकीट दिसलं.

"ह्ये बी फोडा, डाक्टरीणबाई."

हे सरकारी आहे, गुप्त आहे, मॅडमनी समजावून पाहिलं.

"माजी सून अडलीय, आन् तुमी सरकारचं तोंड बांधून बसलाय व्हय?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. आळा घालायचा तो तेव्हाच. मी म्हटलं, "फोडा मॅडम."

त्यांनी लाख फोडली. अर्ध्या तासात मुलगी झाली, खणखणीत रडली. वार पडली, रक्त बेताचं गेलं. मॅडम सगळं बघत होत्या, लिहीत काहीच नव्हत्या. हात धुऊन वळले तर कागद ट्रंकेवर उघडा पडलेला. वर माझं नाव, खाली 'सहा महिने'. पुढचं वाचलंच नाही.

म्हातारी नातीला बघून उठली ती थेट त्या कागदापाशी. पाचवीला सटवाई बाळाचं नशीब लिहायला येते, तिच्यापुढं कागद मांडावा लागतो, आणि वाडीवर कागद मिळायचा कुठं? तिनं तो मॅडमपुढं धरला.

"पाचवीला ठिवला असता. पर ह्याच्यावर लिवलंय जणू. सटवाईला कोरा लागतो."

मॅडमनी कागद घेतला. वरपासून खालपर्यंत वाचला. एकदा माझ्याकडे पाहिलं. मग तो उलटा करून म्हातारीच्या हातात दिला.

"मागून कोरा आहे," त्या म्हणाल्या.