कोरडा चमचा

चौथ्या शनिवारीही माझी मिठाई काळ्या ट्रेवर गेली नाही, तेव्हा मात्र मी हट्टाला पेटले. तोपर्यंत हा वर्ग म्हणजे नुसता विरंगुळा आहे, असं निदान नवऱ्याला तरी सांगत होते. त्या दिवशी बसमधून घरी येताना मी मनाशी पक्कं केलं, अजून दोन शनिवार हातात आहेत, आणि शेवटच्या शनिवारी त्या ट्रेवर माझी मिठाईची शेवंती असणार म्हणजे असणारच.

आधी वर्गाचं सांगते. फुटबॉलचा वर्ल्ड कप जर्मनीत झाला त्या वर्षीची ही गोष्ट. आम्ही र्युसेल्सहाइमला राहत होतो. नवरा गाड्यांच्या गिअरबॉक्सवर काम करायचा, मुलगी सात वर्षांची होती, आणि मी घरी होते. पुण्यात मी ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे. इथे माझ्या व्हिसावर ‘एर्वेर्ब्सटेटिगकाइट निश्ट गेश्टाटेट’ असं छापलेलं होतं, म्हणजे नोकरी करायला मनाई. व्हिसाच्या ऑफिसातल्या बाईंनी त्या ओळीवर बोट ठेवून ती मला दोनदा वाचून दाखवली होती, मी तिथूनच कामावर पळणार असल्यासारखी. तीन वर्षं मी पोळ्या लाटल्या, मुलीला शाळेत सोडलं-आणलं, जर्मनचे दोन कोर्स केले. पण मी केलेली एखादी गोष्ट घराबाहेरच्या कोणी उचलून धरली आहे, असं या देशात एकदाही झालं नव्हतं. त्याचा मला राग यायचा, आणि राग तसा माझ्या नाकाच्या शेंड्यावरच असतो.

गावात प्रौढांसाठी हरतऱ्हेचे वर्ग चालवणारी एक शाळा होती. तिच्या पुस्तिकेत ‘जपानी मिठाई, स्वतःच्या हाताने, सहा शनिवार’ असं दिसलं आणि मी नाव घातलं. नवरा म्हणाला, “जपानी मिठाई शिकायला जर्मनी? मग गुलाबजाम शिकायला काय ब्राझीलला जाणार?” मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं.

शिकवणाऱ्या बाई साठीच्या जपानी बाई होत्या. जर्मन माणसाशी लग्न करून तीस वर्षं इथेच राहिलेल्या. बोलायच्या कमी, आणि बोलल्या तर सावकाश. पहिल्या दिवशी त्यांनी दाखवलं की या मिठाईचा जीव म्हणजे घेवड्याचा गोड लगदा. पांढरा घेवडा रात्रभर भिजवायचा, सालं काढायची, शिजवून चाळणीतून घासायचा, मग त्यात थंड पाणी ओतून थांबायचं. साका खाली बसला की वरचं गढूळ पाणी ओतून द्यायचं आणि नवं घालायचं. असं काही वेळा केलं की साका पंच्यात पिळून घ्यायचा, साखर घालून आटवायचा, त्यात तांदळाच्या चिकट पिठाची उकड मळायची आणि त्याचं शेवंतीचं फूल करायचं. मी मनात म्हटलं, हे तर पुरण. पुरण मला ही बाई शिकवणार?

आणि माझा हात चांगलाच होता, उगाच कशाला खोटं बोलू. तीन धारांच्या लाकडी काठीने गोळ्यावर पाकळ्या ओढायच्या असत. माझ्या पाकळ्या सगळ्यांत बारीक आणि एकसारख्या यायच्या. माझ्या शेजारच्या ओट्यावर गाड्यांच्या कारखान्यातून रिटायर झालेले एक आजोबा होते. त्यांची बोटं जाडजूड, आणि त्यांची शेवंती थेट फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी दिसायची. वर्ग संपताना बाई प्रत्येकाच्या बशीतली एक मिठाई कापून तिचा तुकडा खायच्या. पसंत पडली तर त्याच बशीतली दुसरी मिठाई काळ्या चकचकीत ट्रेवर ठेवायच्या, नाही तर पुढे जायच्या. पहिल्या दिवशी फ्लॉवरचा गड्डा ट्रेवर गेला आणि माझी शेवंती बशीतच राहिली. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

“आणखी एक पाणी हवं होतं,” बाई एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या शनिवारी मी तीनऐवजी चार वेळा पाणी बदललं. बाईंनी तुकडा खाल्ला, मान हलवली. “आज एक पाणी जास्त झालं. घेवड्याची चवच धुतली गेली.”

मी वही काढली. घेवड्याचं वजन, पाण्याचं तापमान, साका बसायला लागलेली मिनिटं, सगळं लिहायला लागले. नवऱ्याने मोठ्या उत्साहाने मला तक्ता आखून दिला. तिसऱ्या शनिवारी घेवडा नव्या पोत्यातला निघाला आणि तक्ता गेला पाण्यात. मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, “पाणी नक्की किती वेळा बदलायचं, ते एकदाच सांगा ना.”

“आल्झो, असं बघा,” बाई म्हणाल्या, “ते घेवड्यालाही माहीत नसतं. जिभेला विचारा.” मग माझ्या ओट्यावरचा छोटा चमचा त्यांनी उचलला, उजेडात धरला आणि परत ठेवला. सगळ्यांचे चमचे साक्याने माखलेले होते. माझा कोरडा आणि स्वच्छ होता.

मी चाखतच नव्हते. ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं, कारण आमच्याकडे स्वयंपाक करताना चाखत नाहीत. देवाला दाखवायच्या आधी तोंडाला लागलं की ते उष्टं झालं. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मी आमटीचा चमचा तोंडात घातला होता. सासूबाई काही ओरडल्या नाहीत. त्यांनी आमटीचं पातेलं बाजूला ठेवलं आणि एक शब्द न बोलता नवी डाळ कुकरला लावली. घरात पाहुणे होते, जेवण तासभर लांबलं, आणि का लांबलं ते सगळ्यांना कळलं. त्या दिवसापासून अकरा वर्षं मी मीठ वासावरून ओळखलं, गूळ रंगावरून. कॉलेजच्या लॅबमध्येही काही जिभेला लावायची सोय नव्हतीच. मी वाढायचे आणि विचारायचे, “कसं झालंय?” सासूबाई पहिला घास खाऊन “बरं आहे” म्हणायच्या, आणि मग मला कळायचं की आज कसं झालंय. याचा मला अभिमान होता. न चाखता माझं मीठ एकदाही चुकलं नव्हतं.

चौथ्या शनिवारी मी नाकाने अंदाज घेऊन पाहिला. तेव्हाही शेवंती बशीतच राहिली आणि मी हट्टाला पेटले, ते वर सांगितलंच.

तो सगळा आठवडा मी तुर्की दुकानातून घेवडा आणून घरी साका बसवत होते. सासूबाई तेव्हा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. आमच्या फ्लॅटमध्ये देवघर म्हणजे स्वयंपाकघरातलंच एक कपाट होतं, आणि त्या त्याच्यासमोर खुर्ची टाकून पोथी वाचत बसायच्या. मी नवऱ्याला चमचा दिला. तो म्हणाला, “छान.” पाणी बदलून पुन्हा दिला. “छान.” सहाव्यांदाही छानच. त्याला अंघोळीचा साबण दिला असता तरी तो छानच म्हणाला असता. मग मी नवा साका बसवला आणि मुलीला हाक मारली. तिने चाखलं आणि तोंड वाकडं केलं.

“श्मेक्ट नाख बोनं,” ती म्हणाली. नुसतं घेवड्यासारखं लागतंय.

पाणी बदललं. “इमर नोख.” अजूनही तसंच. आणखी एकदा बदललं. तिने चमचा चाटूनपुसून साफ केला आणि म्हणाली, “येट्स्ट! आता बास, आई.”

मला हुरूप आला. पण सासूबाई उठल्या, त्यांनी साक्याचं पातेलं उचललं आणि देवाच्या कपाटापासून लांब, खिडकीपाशी नेऊन ठेवलं. “उष्टं इकडे नको गं,” त्या म्हणाल्या. रागाने नाही, नेहमीच्याच आवाजात. मी “हो आई” म्हटलं.

पाचव्या शनिवारी मी बाईंना विचारलं, शेवटच्या दिवशी मुलीला मदतीला आणलं तर चालेल का. बाई म्हणाल्या, “चालेल. पण मग ट्रेवर मिठाई तिच्या नावाची असेल.”

मला ते लागलं, पण पटलंही. त्या दिवशी मी चमचा साक्यात बुडवला आणि ओठांपर्यंत नेला. तिथे देव नव्हता, नैवेद्य नव्हता, सासूबाई नव्हत्या. स्टीलचे ओटे होते आणि खिडकीबाहेर सायकली. तरी माझे दात घट्ट मिटले. डोळ्यांसमोर ते बाजूला ठेवलेलं पातेलं आलं. मी चमचा खाली ठेवला. शेजारचे आजोबा ते पाहत होते. मी त्यांना मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगितलं की आमच्याकडे आधी देव खातो, मग घरातली माणसं, आणि करणारी शेवटी.

आजोबांनी मान डोलावली. “आणि बिघडलं असेल तर ते सगळ्यांत शेवटी कोणाला कळतं?”

“मलाच,” मी म्हणाले.

“गेनाऊ,” ते म्हणाले, म्हणजे अगदी बरोबर, आणि आपल्या गड्ड्याकडे वळले. शेवंती अर्थातच बशीत राहिली. घरी जाताना मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचाच राग आला. कॉलेजातल्या मुलांना वर्षानुवर्षं सांगत आले होते, पुस्तकात लिहिलंय म्हणून मानू नका, स्वतः तपासा. आणि माझ्या हातच्या पदार्थाची परीक्षा सगळं जग करणार, एक मी सोडून. तेव्हा ठरवलं, पुढच्या शनिवारी हा चमचा कोरडा राहणार नाही.

शेवटच्या शनिवारी घरच्यांना बोलावलेलं होतं. चहा अकराला होता, पण नवऱ्याला सुपरमार्केट गाठायचं होतं, म्हणून त्याने सासूबाईंना आणि मुलीला नऊ वाजताच माझ्याबरोबर सोडलं. मुलगी बाहेर अंगणात पळाली. सासूबाई नऊवारीवर स्वेटर घालून, पायात माझे बूट चढवून, माझ्या ओट्यासमोरच्याच खुर्चीत बसल्या. एवढ्या मोठ्या खोलीत त्यांना तीच जागा सापडली. माझं सगळं अवसान गळालं.

मी घेवडा घासला, पाणी ओतलं. साका बसला. पहिलं पाणी टाकलं, दुसरं टाकलं, तिसरं टाकलं. मग चमचा भरला. वर पाहिलं तर सासूबाई माझ्याकडेच बघत होत्या. पाठमोरी होऊन चाखता आलं असतं. ते मनात आलंही. पण चोरून चाखायचं असतं तर अकरा वर्षांत केव्हाच चाखलं असतं. मी त्यांच्याकडे बघतच चमचा तोंडात घातला.

तुरट लागलं. आधी काहीच नाही, मग घशाकडे जाताना कच्च्या शेंगेची तुरट चव. हीच ती, जी बाईंना कळत होती आणि मला पाच शनिवार कळत नव्हती. चौथं पाणी बदललं, चमचा धुतला, पुन्हा चाखलं. तुरटपणा कमी झाला होता, पण होता. पाचवं पाणी. आता जिभेवर नुसतं मऊ काहीतरी होतं, आणि त्याच्यामागे भाजल्या शेंगदाण्याच्या जवळ जाणारी चव. आणखी एकदा धुतलं असतं तर ती गेली असती. मी थांबले. कोणालाही न विचारता थांबले, आणि मला इतका आनंद झाला की पुढच्या कामात लक्षच लागेना.

त्या नादात पाकळ्या मात्र बिघडल्या. दोन वाकड्या गेल्या, एक फाटली. बाई आल्या, त्यांनी एक मिठाई कापली, तुकडा खाल्ला. मग त्यातल्या त्यात सरळ शेवंती उचलून ट्रेवर ठेवली. माझा चमचा उजेडात धरून पाहिला, आणि पुढे गेल्या.

अकरा वाजता बाई स्वतः ट्रे घेऊन पाहुण्यांपुढे फिरू लागल्या. त्या समोर आल्या तेव्हा सासूबाईंनी मला विचारलं, “तुझं कुठलं?” मी वाकड्या पाकळ्यांचं दाखवलं. त्यांनी ते उचललं आणि तळहातावर धरून ठेवलं. खात नव्हत्या. आता त्या ते हळूच बाजूला ठेवणार, सगळ्यांच्या देखत, असं मला वाटलं. ठेवलं तर ठेवू देत, मी मनात म्हटलं. चव बरोबर आहे, ते मला माहीत आहे.

“चाखलंस ना तू?” सासूबाई म्हणाल्या.

“हो आई. तीनदा.”

“मग सांग की,” त्या म्हणाल्या. “कसं झालंय?”

अकरा वर्षं हा प्रश्न मी विचारत होते. मला तो कोणी विचारला नव्हता. उत्तर द्यायला मला वेळ लागला नाही.

“चांगलं झालंय,” मी म्हणाले.

मग त्यांनी ते तोंडात घातलं.