जिन्याचा प्रश्न

काल शेजारच्या अंगणात पापड लाटण्याचे काम चालले होते. पाच-सहा बायका पोळपाट घेऊन जमिनीवर गोल बसल्या होत्या. मालतीबाई तेवढ्या बाजूला, खुर्चीवर बसून लाटलेले पापड बाजेवर पसरत होत्या. त्यांचा गुडघा मीच बदलला होता.

“मुकादमीणबाई, ऊन नीट दाखवा हं!” एकीने चिडवले.

“लाटणं काढून घेतलंत, आता मुकादमी तरी करू द्या,” त्या म्हणाल्या. सगळ्या हसल्या.

गुडघा दुखतो का, असे मी विचारले.

“छे हो डॉक्टर, अगदी झकास आहे. फक्त खाली बसता येत नाही.”

बदललेल्या गुडघ्यांवर मी वीस वर्षे संशोधन केले. माझ्या तक्त्यात मालतीबाईंची नोंद ‘उत्तम’ या रकान्यात आहे. प्रश्नावली परदेशी होती. तिचे भाषांतर मी केले होते. जिना, खुर्ची, चालण्याचे अंतर, सारे तीत होते. जमीन नव्हती. माझी आई जन्मभर जमिनीवर बसून जेवली, हे भाषांतर करताना मला एकदाही आठवले नाही.

“तपासणीच्या वेळी बोलला नाहीत,” मी हळूच म्हणालो.

“जिना चढता येतो का, एवढंच विचारलंत. मी हो म्हटलं. आमच्या घराला जिनाच नाही.”

आज त्या प्रश्नावलीच्या शेवटी मी एक ओळ लिहिली: जमिनीवर बसता येते का? तिचे पहिले उत्तर मला ठाऊक आहे.