उप्पक्कांचं पाणी

उप्पक्का माशाच्या टाकीतलं पाणी चाखायच्या. रोज सकाळी देवाला फूल वाहून झालं की करंगळी टाकीत बुडवायची, जिभेला लावायची आणि क्षणभर डोळे मिटून उभं राहायचं. मी पुण्याहून नोकरीसाठी आलेली, त्यांच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतलेली. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला शिसारीच आली. आज त्यांच्याबद्दल लिहायला बसले आहे आणि माझीच करंगळी ओठांशी गेली आहे.

त्यांचं खरं नाव वेगळं होतं. कन्नडमध्ये मिठाला उप्पु म्हणतात. त्याला अक्का जोडून गल्लीने हे नाव करून टाकलं होतं. त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या बेंगळुरूत राहिलेलं, बोली निम्मी मराठी, निम्मी कन्नड. टाकीत मासा एकच होता, तळहाताएवढा गोल्डफिश, पाठीचा सोनेरी रंग उडून पांढरट पडलेला. तो त्यांच्या थोरल्या भावाचा, अण्णांचा. अण्णा बोम्मसंद्राच्या एका कारखान्यात होते. बहीणभाऊ दोघंही बिनलग्नाचे, दोघांनी जन्म याच घरात काढलेला. अण्णा गेले आणि मासा राहिला. जेवायला बसण्याआधी अक्का टाकीपाशी जाऊन "जेवते हं" म्हणायच्या. कोणाला सांगता, असं मी एकदा थट्टेने विचारलं.

"घरात मोठं माणूस असताना न सांगता जेवायचं होय गे?" त्या म्हणाल्या. त्यानंतर मी पुन्हा थट्टा केली नाही.

मिठाची पद्धतही अण्णांचीच. माशाच्या अंगावर पांढरे ठिपके आले की खडे मीठ पेल्यात विरघळवायचं आणि मासा नसेल त्या कोपऱ्यातून हळूहळू सोडायचं. किती, तर चवीपुरतं. जिभेला कळलं न कळलं की साकु, म्हणजे पुरे. अण्णा दुखण्यापुरतंच मीठ घालत. अक्कांनी मात्र अण्णांच्या मागे धसका घेतला आणि बारा महिने मीठ सुरू केलं. टाकीतलं पाणी आटलं की वरून भर घालायची, चाखायचं आणि वाटलं तर चिमूटभर सोडायचं. बेळ्ळंदूरच्या तळ्याचा फेस वाऱ्याने उडून गच्चीत येऊन पडला की त्या नाक मुरडून म्हणायच्या, "एवढं मोठं तळं, पण चाखून बघणारं कोणी नाही. मग असंच होणार."

व्हाइटफील्डला राहणारा त्यांचा भाचा, मावसबहिणीचा मुलगा, दर रविवारी येऊन "आता आमच्याकडे चल" म्हणायचा. त्याचं काही चूक नव्हतं. अक्कांचं एकटं राहायचं वय उरलं नव्हतं. पण मासा सोबत न्यावा तर इतका जुना जीव त्या रस्त्यांवरच्या धक्क्यांनीच गेला असता, आणि अण्णाचा मासा आहे तोवर मी हलणार नाही, हे अक्कांचं उत्तर ठरलेलं होतं. भाचा जाताना टाकीकडे असा बघायचा की मला माशाचीच काळजी वाटायची.

मग एका पावसाळ्यात अक्कांना ताप आला. तो उतरला आणि काही दिवसांनी त्यांनी नेहमीसारखं वर सारू, म्हणजे आपलं सार, पाठवलं. एक घोटही घेववेना, नुसतं मीठच मीठ. मी वाटी घेऊन खाली गेले तर अक्का टाकीपाशी उभ्या होत्या. करंगळी जिभेला लावत होत्या आणि पुन्हा पेल्यातलं पाणी सोडत होत्या. मासा एका कुशीवर कलंडून वर तोंड काढत होता. किळस बाजूला ठेवून मी बोट बुडवलं आणि चाखलं. पाणी समुद्रासारखं लागलं.

"मला काही लागतच नाही गे," अक्का हळूच म्हणाल्या. "तापापासून कशालाच चव नाही." हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. भाच्याला कळलं असतं तर तो त्याच दिवशी त्यांना घेऊन गेला असता.

टाकीतले मासे विकणाऱ्या दुकानदाराला मी फोन केला. सगळं पाणी एकदम बदलू नका, थोडं थोडं काढा, असं त्याने बजावलं. पाणी उडून जातं, मीठ उडत नाही, पाणी काढल्याशिवाय ते बाहेर येत नाही, हेही त्यानेच सांगितलं. आम्ही दोघींनी तेच केलं आणि मासा सावरला. त्यानंतर अक्कांची जीभ मी झाले. ऑफिसची कॅब खाली हॉर्न वाजवत असायची, अक्का विचारायच्या "आहे?" आणि मी चाखून "आहे, साकु" म्हणायचे. हे मला आवडू लागलं होतं. या परक्या शहरात माझ्या शब्दावर कोणीतरी इतका विश्वास टाकत होतं.

दिवाळीला मी पुण्याला गेले. परत आले तर मासा तळाशी पडलेला, कल्ले जेमतेम हलत होते. "तू नव्हतीस," अक्का म्हणाल्या. "कमी झालं असेल असं वाटत राहिलं. हात राहिना." या खेपेलाही तो वाचला, पण बऱ्याच दिवसांनी. तो पोहायला लागला त्या संध्याकाळी अक्कांनी न्यायला ये म्हणून भाच्याला आपण होऊन फोन केला. मी खूप समजावलं, मीठ माझ्या कपाटात कुलूप लावून ठेवते म्हटलं.

"मी राहिले तर अण्णाचा मासा माझ्या हाताने मरेल," त्या म्हणाल्या. "मी गेले तर जगेल. यात विचार काय करायचा?"

निघताना त्यांनी घराची किल्ली खिडकीत ठेवली, आणि खड्या मिठाची बरणी मात्र माझ्या हातात द्यायला पुढे केली. मीठ हातात देऊ नये, भांडण होतं, हे माझ्या आईनेही मला शिकवलेलं. मी हात मागे घेतला. "होऊ दे भांडण," अक्का म्हणाल्या. "भांडायला तरी येशील."

मी दोनदा गेले. तिसऱ्यांदा जायच्या आधी भाच्याचाच फोन आला, अक्का गेल्याचा. मी नीट सगळं विचारलं, रजा टाकली, जाऊन आले. डोळ्यांत पाणी आलं नाही.

खालचं घर अजून तसंच आहे. रोज सकाळी मी कुलूप काढते, माशाला खायला घालते, चाखते. धडधाकट माशाला मिठाची गरज नसते असं दुकानदार म्हणतो, म्हणून मी घातलं नाही. पण दर आठवड्याला थोडं पाणी काढून नवं भरावंच लागतं, आणि प्रत्येक बादलीतून अक्कांच्या हातचं थोडं मीठ जात होतं. मी मुद्दाम लहान बादली आणली.

गेल्या आठवड्यात एका सकाळी जिभेला काहीच लागलं नाही. पुन्हा चाखलं. आळणी. मासा काचेपाशी येऊन खाणं मागत होता, इतका ताजातवाना मी त्याला कधी पाहिला नव्हता. मी बरणी उघडली, मूठ भरली. मग आठवलं की या जिवाला मीठ जास्त होऊ नये म्हणून एक बाई आपलं घर सोडून गेली होती. मूठ बरणीत रिकामी केली, झाकण लावलं, आणि तिथेच फरशीवर बसून खूप रडले.